यूस्टन रोडवरचा प्रश्न आणि रंगीत कडं

लंडनच्या यूस्टन रोडवर वेलकम ट्रस्टचं मुख्यालय आहे. हेन्री वेलकम हा औषध-उद्योजक १९३६ साली वारला आणि त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे हा न्यास उभा राहिला. २०१४च्या सुमारास तो आरोग्याशी निगडित संशोधनावर वर्षाला ७० कोटी पौंडांहून जास्त खर्च करत होता. आपल्याकडे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाबरोबर त्यांनी ‘इंडिया अलायन्स’ काढली, तिच्या फेलोशिपवर पुण्याच्या आयसरसारख्या संस्थांमधली माणसंही काम करतात. पैसा सरकारचा नाही, म्हणजे संसदेत कुणी हिशेब मागणार नाही. तरी एक प्रश्न पिच्छा सोडत नव्हता: दिलेल्या पैशांतून जे छापून आलं, त्याचं पुढे झालं काय?

प्रश्न सोपा वाटतो, पण ग्रँट पाच वर्षांत संपते. पेपर छापून यायला आणखी वर्ष-दोन वर्षं जातात. मग दुसऱ्या कुणी तो वाचायचा, आपल्या कामात त्याचा हवाला द्यायचा आणि तेही छापून यायचं. अशी सायटेशन जमा होऊन काही अर्थ लागेपर्यंत पुढच्या ग्रँटचे निर्णय होऊन गेलेले असतात. शिवाय सायटेशन म्हणजे शास्त्रज्ञाने शास्त्रज्ञाला घातलेला नमस्कार. पेपर वाचून एखाद्या डॉक्टरने वॉर्डातलं औषध बदललं, तर त्याची नोंद कुठल्याच यादीत होत नाही. डॉक्टर पेपर लिहायला बसत नाही, तो पुढच्या खाटेकडे जातो.

वेलकममध्ये मूल्यमापनाचं काम पाहणाऱ्या लिझ अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक तपासणी प्रसिद्ध केली. न्यासाच्या पैशातून २००५ साली आलेले सुमारे ७०० पेपर तज्ज्ञांना वाचायला दिले, महत्त्वाचे कोणते ते विचारलं आणि तीन वर्षांनी सायटेशन मोजली. बहुतेक ठिकाणी दोन्ही जुळलं. पण तज्ज्ञांनी ‘हा महत्त्वाचा’ म्हणून बाजूला काढलेले काही पेपर सायटेशनच्या यादीत कुठेच वर नव्हते. म्हणजे फक्त आकड्यावर बसलं असतं तर हे निसटले असते. दुसरीकडे, दर वर्षी हजारो पेपर तज्ज्ञांकडून वाचून घेणं कुणालाच परवडणारं नाही. या कोंडीत असतानाच ऑल्टमेट्रिक्स दारात आलं.

ऑक्टोबर २०१० मध्ये जेसन प्रीम, डारिओ ताराबोरेली, पॉल ग्रोथ आणि कॅमेरॉन नेलॉन या चौघांनी एक जाहीरनामा इंटरनेटवर टाकला. मुद्दा असा की संशोधनाचा वावर आता ऑनलाइन झाला आहे. लोक पेपर ‘मेंडले’ या संदर्भ जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साठवतात, ट्विटरवर पाठवतात, ब्लॉगवर त्याची चिरफाड करतात, विकिपीडियाच्या तळटीपेत लावतात. या सगळ्याच्या खुणा मागे राहतात, मग त्या मोजा की! पुढच्याच वर्षी युअन एडी याने लंडनमध्ये ‘ऑल्टमेट्रिक’ ही कंपनी सुरू केली. मराठीत ‘पर्यायी मापनं’ म्हणता येईल, पण कशाला पर्याय, हे विचारलं की भांडण तिथूनच सुरू होतं.

कंपनीने आकड्याला रूप दिलं ते एका रंगीत कड्याचं. डोनट म्हणतात त्याला. लाल म्हणजे बातम्या, पिवळा ब्लॉग, निळा ट्विटर, जांभळा धोरणविषयक कागदपत्रं. मधोमध एक संख्या. दिसायला इतकं गोड प्रकरण की प्रकाशकांनी ते पेपरच्या शेजारी लावायला सुरुवात केली आणि प्राध्यापक सीव्हीत चिकटवू लागले. हे कडं जरा जवळून पाहू, कारण या प्रकरणाची खरी गंमत तिथे आहे.

नोव्हेंबर २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मलेरियावरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. नाव अ‍ॅक्वामॅट, पैसा वेलकमचा. आफ्रिकेतल्या नऊ देशांमधली ११ रुग्णालयं आणि गंभीर मलेरिया झालेली ५,४२५ मुलं. निम्म्यांना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं क्विनाइन, निम्म्यांना आर्टेसुनेट. क्विनाइन घेतलेल्यांपैकी २९७ मुलं दगावली, आर्टेसुनेट घेतलेल्यांपैकी २३०. टक्केवारीत १०.९ आणि ८.५. याच्या आधी २००५ साली बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमारमध्ये मुख्यतः प्रौढांवर झालेल्या अशाच चाचणीने दिशा दाखवली होती, पण आफ्रिकेतल्या मुलांचं काय, हे उरलं होतं. ते उत्तर मिळाल्यावर २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शक सूचना बदलली: मुलांच्या गंभीर मलेरियातही पहिली पसंती आर्टेसुनेट. निधी देणारा माणूस आयुष्यभर ज्याची वाट पाहतो, ते हे.

आता हेच कड्यात बसवून पाहा. ऑल्टमेट्रिकच्या मूळ हिशेबात एका बातमीला साधारण ८ गुण, ब्लॉगला ५, विकिपीडियाला ३, ट्वीटला १. आणि धोरणाच्या कागदात उल्लेख आला तर ३. तोही स्रोतागणिक, म्हणजे त्याच संघटनेने दहा सूचनांमध्ये तोच पेपर आधाराला घेतला तरी ३च. ज्या कागदाने अख्ख्या खंडातली औषधयोजना बदलते, त्याचं वजन वर्तमानपत्रातल्या एका बातमीच्या निम्म्याहूनही कमी! वर कंपनीची पद्धतशीर मोजणी २०११ मध्ये सुरू झाली, त्यामुळे पेपर आला तेव्हाची चर्चा हाती लागण्यासारखीच नव्हती.

कंपनीची बाजू इथे सांगायला हवी. त्यांनी या संख्येला कधी ‘दर्जा’ म्हटलं नाही. ‘अटेन्शन स्कोअर’ या तिच्या नावातच ‘अटेन्शन’ आहे, म्हणजे लक्ष किती वेधलं गेलं. ८ आणि ३ हे भार संशोधनाच्या मोलाचे नाहीत, किती लोकांच्या नजरेला पडलं असेल याचा तो ठोकताळा. पण मधोमध मोठ्या टायपात संख्या छापली की माणूस तिला मार्कच समजतो. दहावी-बारावीचे निकाल पाहत वाढलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

वेलकमच्या अ‍ॅडम डिन्समोर, लिझ अ‍ॅलन आणि केव्हिन डॉल्बी यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’त निधी देणाऱ्यांच्या नजरेतून एक लेख लिहिला. सूर सावध होता. या खुणा लवकर मिळतात, विद्यापीठाबाहेरचे वाचक दाखवतात, सायटेशनला जे दिसत नाही त्याची चाहूल देतात. मात्र त्यांचा अर्थ काय, हे तपासल्याशिवाय त्यांच्यावर निर्णय टेकवायचे नाहीत. गावाकडे लांबून धूर दिसला की काही पेटलं आहे एवढं कळतं. चुलीवर भाकरी आहे की बांधावरचा पाचोळा जळतोय, हे जाऊनच पाहावं लागतं. वेलकमला धुराची दिशा हवी होती. त्याच शहरात दुसरे काही लोक मात्र धुरावरून भाकऱ्या मोजता येतील का, असं विचारत होते.

सरकारी तिजोरीचा हिशेब

ब्रिटनमध्ये विद्यापीठांना संशोधनासाठी मिळणाऱ्या सरकारी पैशाचा एक मोठा भाग दर काही वर्षांनी होणाऱ्या देशव्यापी परीक्षेवर ठरतो. इंग्लंडपुरता तो वर्षाला १.६ अब्ज पौंडांच्या घरात होता. २०१४च्या फेरीचं नाव रेफ, रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्क. १५४ संस्था, ५२,०६१ संशोधक, १,९१,१५० शोधकृती आणि पहिल्यांदाच ‘इम्पॅक्ट’ला २० टक्के वजन. इम्पॅक्ट म्हणजे विद्यापीठाच्या भिंतीबाहेर काय बदललं: आरोग्यात, धोरणात, उद्योगात, संस्कृतीत. त्यासाठी चार-चार पानी कहाण्या मागवल्या, त्या ६,९७५ आल्या आणि परीक्षकांनी बसून वाचल्या. साऱ्या कारभाराचा खर्च २४.६ कोटी पौंड निघाला, त्यातले ५.५ कोटी एकट्या इम्पॅक्टच्या कहाण्यांपायी.

एवढा आकडा पाहिल्यावर कुणालाही वाटणारच की यंत्राला मोजू द्या. हे वाटणं नवीन नव्हतं. २००६ मध्ये अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी आकड्यांवर चालणारी पद्धत आणायचं जाहीर केलं होतं. नंतर २२ संस्थांमध्ये सायटेशनचा प्रयोग करून पाहिला आणि ‘हे अजून भरवशाचं नाही’ म्हणून गुंडाळला. २०१४ मध्ये मंत्री डेव्हिड विलेट्स यांनी पुन्हा विचारलं. या वेळी सायटेशनच्या जोडीला ऑल्टमेट्रिक्सही आलं होतं.

पैसे वाटणाऱ्या हेफ्के या परिषदेने ससेक्स विद्यापीठाचे जेम्स विल्सडन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निवड चांगली होती. वेब-मापनाचा सगळा कच्चा-पक्का माहीत असलेले माइक थेलवॉल तीत होते, जर्नल इम्पॅक्ट फॅक्टरवर (जर्नलमधल्या पेपरना सरासरी किती सायटेशन मिळतात, त्या आकड्यावर) सातत्याने टीका करणारे स्टीव्हन करी होते, ‘नेचर’चे संपादक फिलिप कॅम्पबेल होते आणि वेलकमच्या त्याच लिझ अ‍ॅलनही. म्हणजे दोन्ही प्रश्न एका टेबलावर आले.

समितीने हवेत चर्चा केली नाही, हे मला विशेष वाटतं. रेफमधल्या १,४९,६७० शोधकृतींना परीक्षकांनी दिलेले प्रत्यक्ष गुण त्यांना मिळाले. असा साठा सहसा कुणाच्या हाती लागत नाही, कारण वैयक्तिक गुण जाहीर होत नाहीत. त्यांच्या शेजारी सायटेशनपासून मेंडलेवरचे वाचक आणि ट्वीटपर्यंत १५ निर्देशक मांडले आणि विचारलं: यांतल्या कशावरून माणसाचा निकाल ओळखता येतो? कशावरूनच नाही. काही विषयांत सायटेशन थोडी जवळ जात होती, पण बदली म्हणून उभी राहतील इतकी नाही. कला आणि मानव्यविद्यांकडे तर आकडेच पुरेसे नव्हते.

इम्पॅक्टचा भाग किंग्ज कॉलेज लंडन आणि डिजिटल सायन्स यांनी वेगळा तपासला. गंमत म्हणजे ऑल्टमेट्रिक कंपनी याच डिजिटल सायन्सच्या घरातली. जाहीर करण्याजोग्या ६,६७९ कहाण्या संगणकाकडून वाचून घेतल्या. संशोधनापासून परिणामापर्यंतच्या वाटा किती निघाल्या? ३,७०९ निरनिराळ्या. जवळजवळ दर दुसऱ्या कहाणीची वाट वेगळी. कहाण्यांमध्ये आकडे भरपूर होते, पण कुठे रुग्ण, कुठे पौंड, कुठे प्रेक्षक. त्यांना एका तराजूत घालायचं कसं? मार्च २०१५च्या त्या अहवालाने म्हटलं की यातून इम्पॅक्टचं भक्कम एकक तयार होईल असं दिसत नाही.

जुलै २०१५ मध्ये विल्सडन समितीचा ‘द मेट्रिक टाइड’ हा अहवाल आला. आकडे वाचणाऱ्याच्या मदतीला असावेत, वाचणाऱ्याच्या जागी नसावेत, हा त्याचा निष्कर्ष. ऑल्टमेट्रिक्सने इम्पॅक्टला गुण द्यायचं स्वप्न तिथेच थांबलं. अहवालात एक मिस्कील कल्पनाही होती: दर वर्षी सर्वांत वाईट मेट्रिकला जाहीर बक्षीस द्यायचं. असं बक्षीस आपल्याकडे ठेवलं तर परीक्षकांची झोप उडेल.

धूर कशाचा होता

समितीबाहेरही पुरावा जमत होता. स्टेफनी हाउस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०१० ते २०१२ मधले १४ लाख जैववैद्यकीय पेपर पाहिले, त्यांतल्या दहा टक्क्यांहून कमी पेपरवर एक तरी ट्वीट होतं. बाकीचे नव्वद टक्के शून्य. शून्याचा अर्थ ‘निरुपयोगी’ लावला तर वैद्यकशास्त्र बंद करावं लागेल. ‘अर्काइव्ह’ या पेपरच्या खुल्या ऑनलाइन साठ्यावरचे पेपर आपोआप ट्वीट करणारे बॉट निघाले. ते वाचत नाहीत, समजत नाहीत, फक्त शीर्षक ढकलतात आणि मोजणीत भर घालतात.

वेलकमचा लेख आला त्याच महिन्यात, नोव्हेंबर २०१४ मध्ये, माशांवरचा एक साधा पेपर जगभर गाजला. कारण? लेखकांनी आपापसात लिहिलेली एक टीप छपाईत तशीच राहून गेली: ‘इथे अमुकचा तो भिकार पेपर द्यायचा का?’ लेखक, संपादक, परीक्षक, प्रूफ वाचणारे, कुणाच्याच नजरेला ती पडली नाही. कड्यावर मात्र रंगांची दिवाळी झाली.

हसण्यावारी न्यावं असं पुढचं उदाहरण नाही. ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीतल्या संशोधकांचा एक प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांनी तपासण्याआधीचा पेपर, बायोअर्काइव्ह या संकेतस्थळावर आला. नव्या कोरोना विषाणूत एचआयव्हीसारखे तुकडे ‘चमत्कारिक’ पद्धतीने सापडतात, असा दावा. जगभरच्या तज्ज्ञांनी काही तासांत दाखवून दिलं की असे छोटे तुकडे कुठेही सापडतात. २ फेब्रुवारीला लेखकांनीच तो मागे घेतला. पण तोवर हजारो ट्वीट होऊन गेली होती आणि विषाणू प्रयोगशाळेत घडवल्याच्या अफवेला आयता ‘पेपर’ मिळाला होता. लक्षवेधाच्या मापात तो त्या काळातल्या सर्वांत वरच्यांपैकी होता. टीकेचं ट्वीट आणि कौतुकाचं ट्वीट, कड्याला दोन्ही निळंच दिसतं.

मग निधी देणाऱ्यांनी हे सगळं फेकून दिलं का? नाही, आणि मला वाटतं ते बरोबरच केलं. या प्रकरणातून एकच रंग टिकून उभा राहिला: जांभळा. लुट्झ बोर्नमान, रॉबिन हाउन्शिल्ड आणि जोनाथन अ‍ॅडम्स यांनी २०१९ मध्ये रेफच्या कहाण्यांतले पेपर आणि त्यांचं ऑल्टमेट्रिक्स समोरासमोर ठेवलं. त्यांनी लावलेला अर्थ असा की दोन्ही गोष्टी वेगवेगळं काही पकडतात. परीक्षक संशोधन आणि बदल यांच्यातला कार्यकारणाचा धागा शोधत होते, तर ऑल्टमेट्रिक्स कुणाचं तरी, कशामुळे तरी गेलेलं लक्ष टिपत होतं. अशा धाग्याच्या सगळ्यांत जवळ नेणारी खूण म्हणजे धोरणाच्या कागदातली तळटीप. तिथे निदान कुणी तरी, काही तरी ठरवताना, तो पेपर समोर घेतलेला असतो.

अमेरिकेने वेगळ्या टोकाने सुरुवात केली, तेही इथे नोंदवायला हवं. जानेवारी २०१३ पासून तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने अर्जातल्या ‘पब्लिकेशन्स’च्या जागी ‘प्रॉडक्ट्स’ हा शब्द घातला. पेपरबरोबर डेटा आणि सॉफ्टवेअरही दाखवता येऊ लागलं. मोजायचं कसं, याआधी काय काय दाखवता येईल हे त्यांनी बदललं. मला हा बदल कड्यापेक्षा मोठा वाटतो, पण त्याची चर्चा कमी झाली. बहुधा त्याला रंग नव्हता म्हणून.

आपल्याकडे मराठी वाचकाने ही गोष्ट परक्याची म्हणून वाचू नये. यूजीसीने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या कामगिरीचे ‘एपीआय’ गुण आणले, बढतीला ते लागू लागले आणि पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापणारी जर्नल पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्य यादीत विद्यापीठांकडून आलेली १,००९ जर्नल तपासली. त्यांतली ८८ टक्के कमी दर्जाची असावीत, असं त्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नल यादीतून काढली. कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ‘कॅसची फाइल’ (बढतीच्या योजनेची फाइल) हे दोन शब्द उच्चारून पाहा, पुढचं प्रवचन फुकट ऐकायला मिळेल. इथे आकड्याने लक्ष वेधलं नाही, वागणूकच बदलून टाकली. ब्रिटनच्या समितीला नेमकी हीच भीती होती, आणि ट्वीट मिळवणं तर जर्नलात छापण्याहून कितीतरी सोपं.

त्या ट्वीटचंच पुढे जे झालं, ते कुठल्याही टीकाकाराच्या हातून झालं नसतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरचा मालक बदलला, डेटा पैशांत विकला जाऊ लागला. पेपरना ओळखक्रमांक देणारी क्रॉसरेफ ही संस्था ऑनलाइन उल्लेखांचा खुला साठा ठेवत होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने त्यातून ट्वीट काढून टाकली. एखाद्या निधी संस्थेने २०१५ मध्ये ट्वीटवर मूल्यमापन बांधलं असतं, तर आठ वर्षांत पायाखालची वाळू एका माणसाच्या खरेदीने सरकली असती.

आणि युअन एडी? कड्याचा हा जनक ऑल्टमेट्रिकमधून बाहेर पडला आणि त्याने ‘ओव्हरटन’ नावाची नवी सेवा काढली. ती बातम्या मोजत नाही, ट्वीट मोजत नाही. जगभरची सरकारं, आंतरराष्ट्रीय संस्था आणि अभ्यासगट यांची धोरणविषयक कागदपत्रं गोळा करते आणि त्यांच्या तळटीपांतून पेपर शोधते. जुन्या कड्यातला फक्त जांभळा. त्यातून एखाद्या ग्रँटचा पेपर अमुक मार्गदर्शक सूचनेच्या अमुक पानावर आहे, एवढं कळतं. तिथे तो शिफारशीचा आधार म्हणून आला आहे, की ‘पुरावा अपुरा’ या वाक्याखाली, हे बघायला पीडीएफ उघडावी लागते.